नाते : सख्खी बहीण

माझ्या धाकट्या भावाचा आजार डोळ्यांच्या डॉक्टरांनी शोधून काढला. जून २०२३ मध्ये त्याला मोबाइलवरची अक्षरे पुसट दिसू लागली, चाळिशी लागली असेल अशा समजुतीने तो डोंबिवली पूर्वेच्या एका नेत्रतज्ज्ञांकडे गेला, आणि त्यांनी डोळ्यांत औषध घालून मागचा पडदा तपासल्यावर चष्म्याचा विषय तिथेच थांबवून रक्तदाब मोजण्याचे यंत्र मागवले. वरचा आकडा २१० आणि खालचा १२० निघाला. दोन दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात ते, निरोगी माणसात एकच्या आसपास असणारे क्रिएटिनिन त्यात ९.४ होते, आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आक्रसून सात-सात सेंटिमीटरची झालेली दिसली. इतकी आक्रसलेली मूत्रपिंडे पुन्हा उभारी धरत नाहीत. रक्तदाबाने मूत्रपिंडे गेली की मूत्रपिंडांमुळे रक्तदाब चढला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. भाऊ तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता आणि अधूनमधून डोके दुखते यापलीकडे त्याची काही तक्रार नव्हती.

पुढचे दीड वर्ष आमच्या घराने डोंबिवली, ठाणे, शीव आणि परळ यांच्या दरम्यान काढले. मी ठाण्यातल्या एका शाळेत लिपिक आहे. रजा, अर्ज, शिक्के आणि दाखले हाच माझा रोजचा व्यवहार असल्यामुळे महानगरातली रुग्णसेवा म्हणजे डॉक्टर आणि यंत्रे यांच्याइतकीच कागदांचीही एक व्यवस्था असते, हे मला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे होते. ते कळायला मला बराच वेळ लागला.

डायालिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास असे सुरू झाले. सुरुवातीला मानेतल्या शिरेत नळी घातलेली होती. नंतर डाव्या मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला केला गेला. जोडलेली शीर फुगून सुया टोचण्याजोगी व्हायला सहा आठवडे लागले आणि तेवढे दिवस भाऊ रबरी चेंडू दाबत बसायचा. त्या जागेवर बोटे ठेवली की पाण्याची मोटर चालू असताना पाइपावर हात ठेवल्यावर जाणवते तशी थरथर जाणवते. ती थरथर थांबली तर लगेच रुग्णालयात यायचे, असे सांगितलेले असल्यामुळे तो झोपण्यापूर्वी मनगट कानाशी नेऊन ऐकत असे, आणि त्याची पाहून त्याच्या सात वर्षांच्या मुलीलाही तीच सवय लागली होती.

पाण्याचा हिशेब माझी भावजय ठेवत असे. दिवसभरात सगळे मिळून एक लिटर, अशी मर्यादा होती. ती सकाळी एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवी, आणि भाऊ चहा प्यायला की कपभर, आमटी घेतली की वाटीभर पाणी त्या बाटलीतून काढून झाडांना घाली. संध्याकाळी बाटलीत जे उरेल ते त्याचे. बटाटा आणि पालेभाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचे, कारण पोटॅशियम त्या पाण्यात उतरते. शहाळे, केळी आणि लोणचे तर बंदच. एवढे करूनही सोमवारच्या डायालिसिसला अंगात अडीच-तीन किलो पाणी साठलेले असायचे, कारण शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वांत मोठे. डायालिसिसचे केंद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर होते आणि एका बैठकीला १,५०० रुपये लागत. इंजेक्शने वेगळी. त्याचे रेशनकार्ड पांढरे, म्हणून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची दारे तेव्हा त्याला बंद होती. ती योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हापासून पिवळ्या आणि केशरी कार्डांभोवतीच उभी होती. धर्मादाय संस्थांच्या केंद्रांत याहून पुष्कळ कमी दराने डायालिसिस होते. आम्ही दोन ठिकाणी नाव नोंदवले, पण तिथला रुग्ण जागा सोडतो तो बरा होऊन नव्हे, हे लक्षात आल्यावर आपला नंबर कधी लागेल हे विचारणेच आम्ही बंद केले.

मूत्रपिंड मिळण्याचे मार्ग दोन. एक मेंदूमृत दात्याकडून. त्यासाठी मुंबई विभागाच्या प्रतीक्षायादीत नाव घालावे लागते. राज्यात अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत, आणि मुंबईचे केंद्र शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या आवारात आहे. यादी रुग्णालयामार्फत भरली जाते, एका वेळी एकाच रुग्णालयातून नोंद करता येते, आणि रक्तगट, डायालिसिसवर काढलेला काळ, वय अशा गोष्टींचे गुण लावून क्रम ठरतो, त्यामुळे ओळखीपाळखीचा उपयोग होत नाही. मुंबईत या रांगेत हजारो लोक आहेत. भावाचा रक्तगट ओ. ओ गटाच्या रुग्णाला सरळ मार्गाने फक्त ओ गटाचेच मूत्रपिंड चालते, म्हणून त्याची वाट अधिकच लांब.

दुसरा मार्ग घरातला. आई एकाहत्तर वर्षांची आणि मधुमेही. वडील नाहीत. भावजय पहिल्या दिवसापासून तयार होती, पण तिचा रक्तगट बी निघाला. अशा दोन जोडप्यांनी परस्परांना मूत्रपिंडे देण्याची, म्हणजे अदलाबदलीची तरतूद २०११ च्या कायदादुरुस्तीने झाली आहे. मात्र आपल्याला पूरक असे दुसरे जोडपे सापडावे लागते. राहता राहिले मी. माझ्या शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट छापलेला आहे आणि ते ओळखपत्र रोज माझ्या गळ्यात असते. आठ-दहा दिवस आमच्या घरी रक्तगट हा शब्दच कोणी उच्चारला नाही. आई फोनवर माझ्या गुडघेदुखीची चौकशी करायची, भाऊ माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलायचा, आणि सगळ्यांच्या आवाजात एक जादाचा मऊपणा आला होता, त्याचा मला राग येई. शेवटी एका रात्री जेवताना माझे यजमान ताटातून मान वर न करता म्हणाले, “तुझा ओ आहे ना गं?” मी हो म्हटले. त्या रात्री त्याहून जास्त बोलणे झाले नाही.

एका खासगी रुग्णालयाने सगळा मिळून नऊ लाखांच्या पुढचा अंदाज दिला आणि तो देणाऱ्या तरुणाने आम्ही उठत असतानाच हप्त्यांच्या योजनेचे पत्रक हातात ठेवले. भावाच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी मात्र आपणहून सांगितले की घाई नसेल आणि रांगेत उभे राहण्याची तयारी असेल तर परळला के. ई. एम. रुग्णालयात जा. डोंबिवलीहून जलद गाडीने दादर, तिथून धीम्या गाडीने एक स्थानक पुढे परळ, आणि तिथून चालत आचार्य दोंदे मार्ग, हा रस्ता पुढे आम्हाला इतका पाठ झाला की कोणत्या डब्यातून उतरले तर जिना समोर येतो हेही ठरून गेले.

परळचा तो भाग म्हणजे रुग्णालयांचे एक वेगळेच गाव आहे. एका बाजूला के. ई. एम., जवळच टाटा स्मारक रुग्णालय, अलीकडे वाडियांची मुलांची आणि बाळंतपणाची रुग्णालये, थोड्या अंतरावर हाफकिन संस्था. पदपथावर बिहार, बंगाल, विदर्भ, कोकण असे सगळीकडचे लोक फायली उशाशी घेऊन झोपलेले असतात, आणि रस्त्यावरच्या दुकानांत मुखपट्ट्या, लघवीच्या पिशव्या आणि केळी शेजारी शेजारी विकायला असतात. ज्या रुग्णालयात आपल्या अंगावर सुरी चालणार त्याची माहिती काढावी म्हणून मी वाचू लागले, तेव्हा काही गोष्टी मला नव्याने कळल्या. के. ई. एम. आणि त्याला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास महाविद्यालय यांची स्थापना १९२६ ची. देणगी देताना इथे भारतीय अध्यापकच नेमले जावेत अशी अट घातली गेली होती. मृत दात्याचे मूत्रपिंड रोपण करण्याचा देशातला पहिला प्रयत्न १९६५ मध्ये इथेच झाला, आणि डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयाचे प्रत्यारोपण केले तेही याच ठिकाणी, म्हणजे केपटाउनला झालेल्या जगातल्या पहिल्या हृदय-प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत. ते दोन्ही प्रयत्न यशस्वी ठरले नव्हते, हेही मी वाचले आणि यजमानांना सांगितले नाही.

बाह्यरुग्ण विभागात पहिल्याच भेटीला डॉक्टरांनी भावाला बाहेर बसवले आणि मला विचारले, “तुम्ही स्वेच्छेने देता आहात ना?” मी म्हटले, हो. त्यांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिले आणि तपासण्यांची यादी दिली. हा प्रश्न पुढे मला किती वेळा विचारला जाणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती; तो रक्तदाब किती, ॲलर्जी आहे का, यांसारखाच एक रकाना असावा असे वाटले.

दात्याच्या तपासण्या रुग्णाच्या तपासण्यांपेक्षा जास्त असतात, कारण धडधाकट माणसाला टेबलावर घ्यायचे असते आणि त्याला पुढची तीस-चाळीस वर्षे एकाच मूत्रपिंडावर जगायचे असते. चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये जमवायची, हे रविवारी घरी केले. सासूबाईंनी न्हाणीघराबाहेर उभे राहून कॅन सांडणार नाही ना यावर दिवसभर पहारा ठेवला. डीटीपीए नावाच्या तपासणीत शिरेतून किरणोत्सारी द्रव सोडून कोणते मूत्रपिंड किती काम करते ते पाहतात. माझे डावे आणि उजवे जवळजवळ सारखे निघाले. सीटी अँजिओग्राफीत डाव्या मूत्रपिंडाला एकच धमनी आहे असे दिसले, तेव्हा डॉक्टर मनापासून खूश झाले. डाव्या बाजूची शीर मुळात लांब असते, त्यात धमनीही एकच, म्हणजे जोडकाम सोपे. साखरेची चाचणी, हृदयाची इको, छातीची फिल्म, कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या, पंचेचाळीस ओलांडलेली स्त्री म्हणून मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी, हे सगळे तीन महिने चालले. ऊतींच्या जुळणीत भावंडांच्या बाबतीत चारातली एक शक्यता पूर्ण जुळण्याची, दोन अर्धे जुळण्याच्या आणि एक अजिबात न जुळण्याची असते. आम्ही अर्धे जुळलो. भाऊ म्हणाला, “ताई, भांडताना तरी आपण यापेक्षा जास्त जुळायचो.”

जुळणीचा तो अहवाल बाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेतून आला होता आणि त्यावर माझे नाव माहेरच्या आडनावाने छापलेले होते. नमुना देताना मी आधारकार्ड दाखवले होते. तरीही रुग्णाची बहीण म्हणून तिथल्या कोणीतरी रुग्णाचेच आडनाव मला चिकटवून दिले. चूक दुरुस्त करून द्यायला प्रयोगशाळेने तीन आठवडे लावले, कारण त्यांना आता त्या नमुन्याची मालकीण मीच आहे याचा पुरावा हवा होता. इथून आमची खरी कागदपत्रे सुरू झाली.

कायद्याला दोन गोष्टींची खात्री करून घ्यायची असते : देणारा आणि घेणारा हे सांगतात त्या नात्याचेच आहेत, आणि या देण्यामागे पैसा किंवा दबाव नाही. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संसदेने १९९४ मध्ये केला आणि तो सुरुवातीला ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. अवयवांच्या खरेदी-विक्रीला आता पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. जवळच्या नातलगांत आई-वडील, मुले, भावंडे, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे येतात. पती-पत्नींसाठी नमुना क्रमांक २, इतर जवळच्या नातलगांसाठी नमुना क्रमांक १. माझ्या नमुन्यावर एक रकाना होता, त्यात मी लिहिले : सख्खी बहीण. रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयक बाईंनी विचारले, “पुरावा?”

आता सख्खेपणाचा पुरावा कोणाच्या कपाटात असतो? मी जन्मले ते साल १९७८, गाव संगमेश्वराजवळचे, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत माझ्या जन्माची नोंद ‘मुलगी’ एवढीच, नावाशिवाय. भाऊ मुंबईत जन्मला म्हणून त्याचा दाखला पालिकेचा, टंकलिखित. राहिला शाळा सोडल्याचा दाखला, जो मी स्वतः गेली एकवीस वर्षे इतरांना लिहून देत आले आहे. माझ्या दाखल्यावर वडिलांचे नाव दत्तात्रय होते आणि भावाच्या दाखल्यावर दत्तात्रेय. एका मात्रेचा फरक. माझ्या खिडकीशी येऊन “बाई, एवढ्याशा मात्रेने काय होते” असे म्हणणाऱ्या कितीतरी पालकांना मी शांतपणे “प्रतिज्ञापत्र करून आणा” असे सांगितले होते. समन्वयक बाईंनीही मला शांतपणे तेच सांगितले, आणि मला त्यांचा राग धरता आला नाही.

मग प्रतिज्ञापत्रे, लग्नानंतर नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत, माहेरच्या १९९० च्या रेशनकार्डाची छायाप्रत, ज्यात आम्हा दोघांची नावे एकाखाली एक आहेत, दोन्ही पत्त्यांची पोलिसांकडून पडताळणी, आणि एकत्र असलेले जुने फोटो. फोटोसाठी आईने पत्र्याची पेटी काढली. त्यातला एक प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे गेला : साल बहुधा १९८९, काका नवा कॅमेरा घेऊन आले होते तेव्हाचा. गणपतीपुळ्याच्या वाळूत मी फ्रॉक घालून उभी आहे आणि माझ्या कडेवर चार-पाच वर्षांचा भाऊ आहे, कडेवर घेण्याच्या मानाने बराच मोठा, पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबणारे. फोटोच्या मागे रुग्णालयाचा गोल शिक्का पडला आणि त्याच्याखाली पान क्रमांक ४७ असे लिहिले गेले. मूळ फोटो परत मिळाला; तो शिक्क्यासकट आईच्या पेटीत आहे.

यजमानांचे संमतिपत्र मागितले तेव्हा मात्र मी भांडले. शरीर माझे, भाऊ माझा, सही त्यांची कशाला? समन्वयक बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या की मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, घेणाऱ्यांत पुरुष. शस्त्रक्रियेनंतर सासरी भांडण होऊन दात्याचे हाल होऊ नयेत म्हणून घरच्यांना आधीच समोर बसवून आम्ही बोलतो. नियमांत स्त्री दात्याच्या बाबतीत अधिक सावधगिरी घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती घेणाऱ्या रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे २०१४ पासून स्पष्ट लिहिलेले आहे. ते वाचून माझा विरोध मावळला नाही, पण सही घेतली.

मानसोपचार विभागातली भेट ही त्या सगळ्या काळातली सर्वांत वेगळी होती. डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, पण उत्तर लिहून घेण्याची घाई केली नाही. तोपर्यंत मी चौघांना हो म्हटले होते. पाचव्यांदा म्हणताना शब्द अडखळला. मी सांगितले की मला भीती वाटते, रात्री पोटावर डाव्या बाजूला हात ठेवून झोपते, माझी मुलगी बारावीला आहे, आणि भावाने मला अजून एकदाही तोंडाने मागितलेले नाही, याचे मला बरे वाटते की वाईट हे कळत नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, “तुम्हाला नको असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणता येते. घरी काय सांगायचे याची काळजी करू नका. दाता म्हणून तुम्ही योग्य नाही एवढेच आम्ही कळवू. कारण तुमच्या आणि आमच्यातच राहील.”

मी परळ स्थानकाच्या पुलावर आले आणि दोन गाड्या सोडून दिल्या. घरातल्या कोणालाही, अगदी यजमानांनाही, मी ते वाक्य सांगितले नाही. पुढचे तीन आठवडे ते माझ्याजवळ होते. भाऊ डायालिसिसहून आल्यावर पांढराफटक पडून झोपलेला पाहिला तेव्हाही ते होते आणि मुलीला अभ्यासाला उठवताना पहाटेही होते. कधीही ‘योग्य नाही’ होता येते, आणि कोणी दोष देणार नाही. आधीचे चार होकार मी दिले तेव्हा माझ्यापुढे दुसरे उत्तरच नव्हते, ही गोष्ट मला तेव्हा कळली. तीन आठवड्यांनी ठरलेल्या दिवशी मी पुन्हा गेले, त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा हो म्हटले, आणि त्यांनी या वेळी ते लिहून घेतले.

दरम्यान जुलै २०२४ पासून जनआरोग्य योजना सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. पांढऱ्या कार्डाचा भाऊ त्यात बसला. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, खिडकीवर कागद दिले की पूर्वमंजुरीचा अर्ज संगणकावर जातो. आमचा एकदा शंका काढून परत आला आणि दुसऱ्या फेरीत मंजूर झाला. योजनेबाहेर राहिलेल्या काही औषधांसाठी वैद्यकीय समाजसेवा विभागातल्या बाईंनी मुख्यमंत्री साहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यास यांचे अर्ज भरून दिले. धर्मादाय रुग्णालयांतही दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवण्याची योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे, हे मला त्यांच्याच टेबलाशी बसून कळले. भावाचे उत्पन्न त्या मर्यादेत बसत नव्हते, पण शेजारी बसलेल्या एका रिक्षाचालकाला त्याच दिवशी त्या वाटेने पाठवले गेले.

मंजुरीची मुलाखत डिसेंबरात झाली. चित्रीकरण चालू होते. भावाला आणि मला वेगवेगळे विचारले : लहानपणी कुठे राहत होतात, आईचे माहेरचे नाव काय, शेवटची राखी कुठे बांधली, शस्त्रक्रियेतले धोके कोणी समजावून सांगितले का. मूत्रपिंड देताना दात्याचा मृत्यू होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण तीन, असे शल्यविशारदांनी मला कागदावर लिहून दाखवले होते. मी तो आकडा सांगितला तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. अखेर तो प्रश्न आला. मी हो म्हटले. बाहेर आल्यावर भावाने विचारले, “काय विचारले गं?” मी म्हटले, “तुला विचारले तेच.” तो म्हणाला, “मला विचारले की बहिणीला काही दिलेत का. मी म्हटले, भाऊबीजेला साडी.”

शस्त्रक्रिया जानेवारी २०२५ मध्ये झाली. शेजारशेजारच्या दोन शस्त्रक्रियागृहांत आम्हाला नेले. माझी दुर्बिणीतून झाली. पोटावर तीन-चार लहान छिद्रे आणि ओटीपोटाशी एक आडवी चीर, जिच्यातून मूत्रपिंड बाहेर काढतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मुखपट्टीच्या वरून नाव, बाजू आणि शेवटी, अगदी ठरल्यासारखे, “स्वतःच्या मर्जीने ना?” असे विचारले. मी हसले असावे. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. पोटात भरलेला वायू तिथे दुखणे पाठवतो, असे परिचारिकेने सांगितले आणि दुसऱ्याच सकाळी मला धरून उभे केले.

भावाचे स्वतःचे दोन्ही आक्रसलेले अवयव जागेवरच ठेवले आहेत. नवे मूत्रपिंड उजव्या जांघेच्या वर, पुढच्या बाजूला बसवतात. रक्तपुरवठा जोडल्यावर टेबलावरच लघवी सुरू झाली, हे आम्हाला नंतर कळले. त्याला जंतुसंसर्गाच्या भीतीने वेगळ्या खोलीत ठेवले होते. तिसऱ्या दिवशी मी काचेपर्यंत चालत गेले. त्याने पांघरुणातून हात काढून खाटेला लटकवलेल्या पिशवीकडे बोट केले, जसे लहान मूल नवे खेळणे दाखवते. दीड वर्षात त्याला लघवी जवळजवळ होतच नव्हती. पिशवी भरत आली होती. पाचव्या दिवशी मला घरी सोडले. चौदाव्या दिवशी त्याचे क्रिएटिनिन १.३ झाले.

आता तो सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता, शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून, टॅक्रोलिमस घेतो, सोबत दोन औषधे आणखी, ती आयुष्यभर. पाणी दिवसाला तीन लिटर प्यायचे आहे, आणि भावजय अजूनही बाटली भरून ओट्यावर ठेवते; फरक इतकाच की आता संध्याकाळी ती रिकामी झाली नसेल तर ती रागावते. मनगटातली थरथर तशीच आहे. फिस्टुला बंद करण्याची घाई नाही, असे डॉक्टर म्हणतात.

त्याच्या तपासण्यांसाठी फाइल आहे, ठरलेला वार आहे, समन्वयक बाईंचा फोन येतो. दात्याने सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासावीत, असे माझ्याही घरी जाण्याच्या कागदावर लिहिले होते. परंतु त्याची आठवण कोणी करून देत नाही, ती आपली आपणच ठेवायची असते. जुलैमध्ये मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन एकटीच परळला गेले आणि केसपेपरच्या रांगेत उभी राहिले. शस्त्रक्रियेपूर्वी ०.७ असलेले माझे क्रिएटिनिन आता १.० आहे, जे अपेक्षितच होते. खिडकीवरच्या लिपिकाने माझी जुनी फाइल पाहून विचारले, “पेशंट आले नाहीत का बरोबर?” मी म्हटले, पेशंट डोंबिवलीला कामावर गेला आहे, माझ्या नावाने नवा पेपर काढा. त्याने नाव विचारले, वय विचारले, आणि आडनाव लिहिताना मी खिडकीतून वाकून त्याने वेलांटी नीट दिली की नाही ते पाहून घेतले.